परदेशी मदतीच्या प्रकल्पांचा उपयोग झाला की नाही, हे कुणी आणि केव्हा मोजायचे?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. २००४ ते २००७ या काळात मी पन्हाळा तालुक्यात जलस्वराज्य प्रकल्पाच्या एका सहायक संस्थेत गावपातळीवर काम केले. त्या कामाविषयीचा एक प्रश्न अनेक वर्षे मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये परदेशी मदत देणारी यूएसएड ही आपली संस्थाच बंद केली, तेव्हापासून परदेशी मदतीचा काही उपयोग होतो का, यावर बरेच लिहून येते. त्यातले बहुतेक लिखाण एक तर मदत म्हणजे उपकार या बाजूने असते, नाही तर मदत म्हणजे लूट या बाजूने. मला दोन्हींपैकी एकही बाजू घ्यायची नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आलेल्या पैशाने नेमके काय बदलले, हे शोधायचे कसे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

ज्यांना हा प्रकल्प आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने २००३ मध्ये महाराष्ट्रातील ग्रामीण पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी सुमारे १८ कोटी १० लाख डॉलरचे सवलतीचे कर्ज मंजूर केले आणि राज्यातील २६ जिल्ह्यांत २००९ पर्यंत हे काम चालले. शासनाने योजना बांधून द्यायची आणि गावाने नळाखाली घागर लावायची, ही जुनी रीत बदलणे हा त्यामागचा हेतू होता. गावाने आधी मागणी करायची, महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यायची, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती निवडायची, खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी गोळा करायची आणि मगच पैसे गावाच्या खात्यावर यायचे. सामाजिक लेखापरीक्षण समितीही गावचीच असे.

एका वाडीतील महिला ग्रामसभा मला स्पष्ट आठवते. दरडोई रोज ४० लिटर पाणी मिळेल, असे मी फळ्यावर लिहून समजावत होतो. मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, ‘‘ते ऱ्हाऊ दे. पाणी किती वाजता सोडणार?’’ त्या उसाच्या भांगलणीला जात आणि आठच्या आत शेतावर पोहोचल्या नाहीत तर त्यांचा रोज बुडत असे. त्यानंतर जमलेल्या बहुतेक बायांनी लिटर सोडून वेळेबद्दलच विचारले. आमच्या अहवालाच्या नमुन्यात लिटरचा रकाना होता, पाइपच्या लांबीचा होता, बैठकीला हजर असलेल्या महिलांच्या संख्येचाही होता. वेळेचा रकाना नव्हता, म्हणून ती चर्चा कोठेच नोंदली गेली नाही.

पुढे याच प्रकल्पाचा एक काटेकोर अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारचा सांगली, तसेच बुलढाणा, नाशिक आणि उस्मानाबाद अशा चार जिल्ह्यांतील २४२ गावांमधली सुमारे ९,५०० कुटुंबे त्यासाठी आधी आणि नंतर अशी दोनदा तपासली होती. काही गावे प्रकल्पातली होती आणि काही त्यांच्याशी शक्य तितकी मिळतीजुळती, पण प्रकल्पाबाहेरची होती. तीन वर्षांनंतर नळाचे पाणी आणि स्वतःचे शौचालय वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सरासरी १० टक्क्यांनी वाढलेले दिसले. पाणी आणण्यात, साठवण्यात आणि शौचाला बाहेर लांब जाण्यात जाणारा वेळ व पैसा धरला, तर एका कुटुंबाची महिन्याला सात डॉलरपर्यंत, म्हणजे रोख खर्चाच्या सुमारे पाच टक्के इतकी बचत होऊ शकत होती आणि गरीब घरांना त्याचा लाभ अधिक झाला होता. मात्र आजारपणावरचा खर्च कमी झाला नव्हता आणि स्वच्छतेच्या सवयीही बदलल्या नव्हत्या.

हे वाचून मी अस्वस्थ झालो. ‘पोरांचे जुलाब थांबतील’ असे सांगून आम्ही दारोदार वर्गणी मागितली होती. ज्या वचनावर पैसे मागितले ते पुरे झाले नाही आणि ज्याचा आम्ही उच्चारही केला नव्हता ते बायकांच्या पदरात पडले. मग हा प्रकल्प यशस्वी म्हणायचा की अयशस्वी? आणि हे ठरवायला तीन वर्षे पुरेशी आहेत का?

राधानगरीकर

आपण विषय चांगला काढलात. मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे कागदावर काय मोजले जाते ते सांगू शकतो. कामाचे मोजमाप पुस्तक भरते, पूर्णत्वाचा दाखला निघतो, योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते आणि त्या दिवशी आमच्या दृष्टीने फाइल बंद होते. मदत देणाऱ्या संस्थेचीही एक अंतिम तारीख असते आणि त्या तारखेला किती टाक्या उभ्या राहिल्या, यावर तिचा शेवटचा अहवाल बेतलेला असतो.

नळपाणी योजनेची खरी परीक्षा मात्र दाखल्यानंतरच सुरू होते. जॅकवेलवरचा (पाणी उपसायच्या विहिरीवरचा) पंप जळाला तर रिवाइंडिंगचे पैसे कुठून आणायचे? वीजबिल थकले आणि जोडणी तुटली तर ती पुन्हा घेईपर्यंत गाव काय पिणार? पाणीपट्टी वर्षाला किती बसवली आहे आणि त्यातली वसूल किती होते? माझ्या अनुभवात योजना बंद पडण्याचे कारण क्वचितच अभियांत्रिकीचे असते. वसुली आणि वीजबिल यांचा मेळ बसला नाही की उत्तम बांधलेली योजनाही दोन उन्हाळ्यांत मान टाकते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचेच उदाहरण घ्या. या जिल्ह्याने राज्याला दिलेली ती देणगी आहे. पावसाळा सरला की खांबांमध्ये बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालायचे आणि पुढच्या पावसाआधी ते काढायचे, एवढ्यावर तो बंधारा चालतो. बर्गे वेळेवर घालणारी माणसे नसतील तर नदीत नुसते खांब उभे राहतात. बंधारा बांधला की नाही, हे मोजणे सोपे आहे. यंदा बर्गे कोणत्या तारखेला पडले, हे ज्याने नोंदवले त्यानेच बंधाऱ्याचे मूल्यमापन केले, असे मी मानतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, तीन वर्षे अपुरी आहेत. दहाव्या वर्षी जाऊन बघायला हवे.

ओगराळे

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेविका होते. जुलाब कमी का झाले नाहीत, याचे मला आश्चर्य वाटत नाही. नळाला येणारे पाणी शुद्ध असणे आणि मुलाच्या तोंडात जाणारे पाणी शुद्ध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी एक दिवसाआड येत असेल तर ते घरात साठवलेच जाते. मग हंड्यावर झाकण आहे का, पाणी ओगराळ्याने काढतात की हात घालून तांब्या बुडवतात, बाळाची शी काढल्यावर हात साबणाने धुतले का, यावर सगळे अवलंबून असते. टाकीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरिनची) पावडर टाकायचे काम ज्याच्याकडे असते तो चार दिवस लग्नाला गेला की पावडरही बंद असते. ओटी तपासणी (पाण्यात क्लोरिन आहे का याची चाचणी) करायला मी जात असे, तेव्हा शेवटच्या गल्लीतल्या नळाला क्लोरिन सापडले नाही, असे अनेकदा झाले.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. नळ आल्याने बाईचे दोन तास वाचले, तर त्याला ‘दुय्यम लाभ’ म्हणू नये. बाळंतपणानंतर महिन्याभरात डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचे ते कष्ट संपले, हे एखाद्या रोगाची आकडेवारी खाली येण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पंचगंगाकाठ, तुमच्या त्या मावशींचा प्रश्न योग्यच होता.

सागरमाळ

चर्चा मनापासून वाचली, पण माझा आक्षेप मुळाशी आहे. आपण मदतीचे परिणाम गावात मोजतो आहोत. मदत कोणासाठी दिली गेली, हे आपण विचारत नाही. १९६६ मध्ये देशाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले आणि त्यातले बहुतेक अमेरिकेच्या पीएल ४८० या अन्नमदतीच्या कायद्याखालचे होते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडायचे धोरण ठेवले, कारण भारताने शेतीधोरण बदलावे आणि व्हिएतनाम युद्धावर बोलताना जपून बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. लोक जगले, हे खरे आहे. त्या जगण्याबरोबर देशाने काय सोसले, त्याला मात्र मूल्यमापनाच्या तक्त्यात जागा नसते.

ब्रिटनचे पेरगाऊ धरणाचे प्रकरण याहून उघड आहे. मलेशियातील त्या धरणासाठी २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत देण्यात आली. हा प्रकल्प किफायतशीर नाही, असे ब्रिटनच्या स्वतःच्याच अधिकाऱ्यांनी सांगितले होते आणि मदतीचा संबंध शस्त्रखरेदीशी होता. १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदेशीर ठरवली. तिथे धरण उभे राहिले, वीजही निर्माण झाली. ‘काम पूर्ण’ या रकान्यात तो प्रकल्प उत्तीर्णच होईल.

दुसरा मुद्दा पैशाच्या अदलाबदलीचा. मामाने भाच्याच्या कॉलेजची फी भरली आणि बापाने वाचलेल्या पैशातून मोटारसायकल घेतली, तर मामाचा पैसा कशावर खर्च झाला? शासन पाणी योजनांवर जो खर्च स्वतः करणारच होते, तो परदेशी कर्जातून झाला आणि वाचलेला पैसा भलतीकडे गेला, तर गावातल्या टाकीकडे बोट दाखवून काही सिद्ध होत नाही.

आणि मूल्यमापन करायचेच, तर तुलना कशाशी करणार? १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी) खाल्ली, ती परदेशातून आलेली होती. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा उभा राहिला आणि त्याचा पैसा या राज्यातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून आला. मिलो आठवणीत राहिली, हक्क मात्र हमीने दिला. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण संस्थानाच्या पैशातून हाती घेतले होते, हेही या जिल्ह्यात बसून विसरता येणार नाही.

दूधगंगा

सागरमाळ, तुमचा आक्षेप गंभीर आहे, पण त्यातून ‘मदत वाईट’ असा निष्कर्ष निघत नाही. आपल्या जिल्ह्यातील दुधाचीच गोष्ट पाहा.

१९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झाले. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी युरोपीय आर्थिक समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन दूध भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल मोफत दिले. युरोपला त्या वेळी दुधाचे डोंगर झेपत नव्हते, त्यामुळे देणाऱ्याचा हेतू काही शुद्ध परोपकाराचा नव्हता. ती भुकटी शहरांत फुकट किंवा स्वस्तात वाटली गेली असती तर देशातल्या दुधाचा भाव पडला असता आणि आपली म्हैस दावणीला बांधून ठेवणे परवडले नसते. पण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्या भुकटीचे दूध बनवून ते शहरांत भाव पडू न देता विकले आणि आलेला पैसा संकलन, शीतकरण आणि दुग्धशाळा यांत घातला. भुकटी तीच, पण ती कशी विकायची आणि पैसा कुठे घालायचा हे इथल्या माणसांच्या हातात होते, म्हणून परिणाम निराळा झाला.

त्यावरही टीका झाली आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. शासनाने नेमलेल्या झा समितीने १९८४ मध्ये कार्यक्रमाचा आढावा घेतला. नंतर जागतिक बँकेच्या स्वतःच्या मूल्यमापन विभागाने १९९८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध करून या गुंतवणुकीचा परतावा मोठा असल्याचे मांडले. तरीही श्रेयाचा प्रश्न सुटत नाही, आणि तो मला आमच्या घरातच दिसतो. आमचा जिल्हा दूध संघ १९६३ चा, म्हणजे ऑपरेशन फ्लडच्या सात वर्षे आधीचा. आमच्या आईने म्हैस घेतली ती गावच्या सोसायटीच्या कर्जावर. म्हशीला वैरण मिळाली ती उसाच्या वाड्याची (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची), कारण तोवर नदीवर उपसा संस्था उभ्या राहून ऊस वाढला होता. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर माझ्या बहिणीचे डी. एड. झाले. या बिलातला किती रुपयांचा वाटा ब्रुसेल्सचा, किती सोसायटीचा, किती उसाच्या वाड्याचा आणि किती पहाटे चारला उठणाऱ्या आईचा, हे वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही. तरी एवढे नक्की म्हणता येईल की, जिथे संस्था आधीपासून जिवंत होती तिथे बाहेरचा पैसा रुजला. संस्था कागदावर होती तिथे तो वाहून गेला.

संशोधक विद्यार्थी

मी शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकतो. ‘वेगळे काढता येत नाही’ या मुद्द्यावर थोडे लिहितो, कारण गेल्या पंचवीस वर्षांत याच प्रश्नावर सर्वांत जास्त काम झाले आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. पद्धत अशी की, कोणत्या गावाला योजना द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. मग दोन्ही गटांत सुरुवातीला सरासरी फरक नसतो आणि नंतर जो फरक दिसेल तो योजनेचा मानता येतो.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील १३४ गावांत असा प्रयोग झाला. जिथे काहीच केले नाही तिथे एक ते तीन वर्षांच्या मुलांपैकी ६ टक्क्यांचे लसीकरण पूर्ण झाले होते. जिथे लसीकरणाचे शिबिर ठरलेल्या दिवशी न चुकता भरवले तिथे ते १८ टक्के झाले आणि जिथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. डाळ वाटून खर्च वाढला असेल असे वाटते, पण एका मुलाच्या पूर्ण लसीकरणामागचा खर्च २,२०२ रुपयांवरून १,१०२ रुपयांवर आला, कारण परिचारिका दिवसभर बसूनच असायची आणि आता तिच्याकडे दुप्पट मुले येऊ लागली. असे निष्कर्ष नुसत्या चर्चेतून हाती लागत नाहीत.

मात्र या पद्धतीच्या मर्यादाही मोठ्या आहेत. २०१५ चे नोबेल मिळालेले अँगस डीटन यांचा आक्षेप असा की, एका जागी ठरलेले उत्तर दुसऱ्या जागी का लागू पडावे, हे प्रयोग सांगत नाही. उदयपूरच्या डाळीने आजऱ्यात काय होईल हे उदयपूरवरून कळत नाही. शिवाय सरकारचा खर्च नागरिकांच्या कराऐवजी बाहेरच्या पैशावर चालू लागला तर सरकार आणि नागरिक यांच्यातला जाब विचारण्याचा धागा सैल होतो, असेही ते म्हणतात. सागरमाळ यांनी रोजगार हमीबद्दल मांडलेला मुद्दा याच्याच जवळ जातो.

जलस्वराज्यच्या अभ्यासात चिठ्ठी टाकलेली नव्हती. ज्या गावाने उत्साहाने मागणी केली त्यालाच योजना मिळाली, त्यामुळे गावांच्या जोड्या जुळवूनही गावाचा ‘उत्साह’ जुळवणे कठीण असते. आणखी एक अडचण बाहेरच्या गावांची. त्याच काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सर्वत्र चालू होते, ते राज्याचे स्वतःचे होते आणि गावागावांत बक्षिसासाठी चुरस होती. म्हणजे तुलनेसाठी घेतलेली गावेही स्वस्थ बसलेली नव्हती. फरक लहान दिसला याचे एक कारण तेही असू शकेल.

शाहूपुरी

सर्वांचे आभार, बरेच नवीन कळले. एक लहान प्रश्न विचारतो. आफ्रिकेत मुलांच्या खेळण्याच्या चक्राने पाणी उपसणारे प्लेपंप बसवले होते, त्यांचे काय झाले?

संशोधक विद्यार्थी

२००६ मध्ये अमेरिकेने त्यांना मोठा निधी जाहीर केला आणि काही वर्षांतच तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. मुले खेळून कंटाळली की बायकांना ते जड चक्र हाताने फिरवावे लागे. साधा हातपंप त्याहून कितीतरी स्वस्त होता आणि गावात दुरुस्तही करता येत असे. चक्र बसवण्यापूर्वी त्या बायकांना विचारले असते तर हे पहिल्याच दिवशी समजले असते.

पंचगंगाकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सागरमाळ, मदतीमागचा हेतू मोजमापातून वगळू नये, हे मला मान्य आहे. पण तुमचे पेरगाऊचे उदाहरण माझ्या बाजूनेही बोलते. ब्रिटनमध्ये ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, कारण तिथल्या अधिकाऱ्यांचे प्रतिकूल मत कागदावर होते. मूल्यमापन लिहून ठेवलेले असेल तरच पुढे कुणाला तरी जाब विचारता येतो. आमच्या प्रकल्पात प्रतिकूल मत लिहायची हिंमत माझ्यासारख्या कार्यकर्त्याला नव्हती, कारण संस्थेचा पुढचा हप्ता टप्पा पूर्ण झाल्याच्या अहवालावर मिळत असे. महिला विकास समितीची एक बैठक प्रत्यक्षात सात बायकांत झाली होती. दुसऱ्या दिवशी घरोघरी सह्या घेऊन आम्ही उपस्थिती वाढवली. हे मी आज प्रथमच लिहितो आहे. त्या रकान्यातला आकडा खोटा होता आणि तो पुढे कुठेतरी बेरजेत गेला असणार.

त्यामुळे मोजणारा हा खर्च करणाऱ्यापासून वेगळा हवा, असे मला अनुभवाने वाटते, आणि मोजणीचा खर्च प्रकल्प मंजूर होतानाच बाजूला ठेवला पाहिजे. राधानगरीकर साहेबांनी म्हटलेली दहाव्या वर्षाची भेट कुणी देत नाही, कारण दहाव्या वर्षी त्यासाठी पैसा आणि माणूस दोन्ही नसतात.

शिरोळचा पूरग्रस्त

थोडे पुढचे बोलतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णा आणि भीमा खोऱ्यांतील पूरव्यवस्थापनासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याने प्रकल्प हाती घेतला आहे. आंतरराष्ट्रीय विकास संघटनेच्या सवलतीच्या यादीतून भारत २०१४ मध्येच बाहेर पडला, त्यामुळे हे आता मदतीपेक्षा सरळ कर्जच आहे आणि ते आपल्यालाच फेडायचे आहे. म्हणून त्याचे मोजमाप अधिक काटेकोर हवे.

आमच्याकडे राजाराम बंधाऱ्याची पातळी प्रत्येकाला तोंडपाठ असते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. काही वर्षे पाणी ४३ च्या खाली राहिले की ‘प्रकल्पामुळे पूर टळला’ असे सांगितले जाईल. पण पाऊसच कमी पडला असेल तर? उलट पाऊस २०१९ सारखाच झाला आणि पूर आला, पण गुरे आणि माणसे दोन दिवस आधी बाहेर पडली, तर ते यश कोणत्या रकान्यात जाईल? त्या वर्षी आमच्या घरात छपरापर्यंत पाणी होते. नुसते घर गेले असते तर सोसले असते. पाणी वाढते आहे हे कळले तेव्हा रस्ता आधीच बंद झाला होता आणि दोन म्हशी गोठ्यात राहिल्या. मला पाण्याच्या उंचीपेक्षा सूचना किती तास आधी मिळाली, हे मोजलेले हवे आहे. आणि ते मोजायचे तर आज, काम पुढे सरकण्याआधी, गावागावांतून २०१९ आणि २०२१ ला सूचना कधी मिळाली होती, याची नोंद व्हायला हवी. दहा वर्षांनी लोकांना तास आठवणार नाहीत.

ओगराळे

हे फार महत्त्वाचे आहे. २०१९ ला आमच्या केंद्राच्या नोंदवहीत स्थलांतराच्या वेळा लिहिलेल्या होत्या. तशा वह्या इतरत्रही असतील. पुरात भिजल्या नसतील त्या अजून मिळतील.

पंचगंगाकाठ

धागा काही दिवस शांत होता, पण गेल्या रविवारी मी राधानगरीकर साहेबांना सोबत घेऊन त्या वाडीवर जाऊन आलो, म्हणून हे लिहितो आहे.

टाकी उभी आहे. खालच्या बाजूने पाझर आहे आणि तिथे शेवाळ धरले आहे. मूळ पंप दोनदा बदलला आहे. पाणी सोडणारा मुलगा त्या वेळच्या समितीच्या अध्यक्षांचा नातू आहे. त्याने वॉल्व्हची चावी आणि पाणीपट्टीची वही दोन्ही दाखवली. साहेबांनी वही उघडून पहिल्यांदा थकबाकीचा रकाना पाहिला आणि मग वीजबिलाच्या पावत्या मागितल्या. वसुली निम्म्याहून थोडी अधिक आहे, उरलेली तूट ग्रामपंचायत भरते. टीसीएलचा डबा होता, त्यात पावडरही होती.

मग शेजारच्या, ओढ्यापलीकडच्या वाडीत गेलो. तिने २००४ साली वर्गणीला नकार दिला होता आणि ती प्रकल्पात आली नव्हती. आज तिथेही घरोघरी नळ आहेत. पुढे शासनाच्या दुसऱ्या योजनेतून ते आले. आज दोन्ही वाड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक दिसत नाही आणि दहाव्या-विसाव्या वर्षी मोजणारा माणूस म्हणेल की, जलस्वराज्यने काहीच केले नाही. तिथल्या बायकांना मी विचारले, तुमचा नळ कधी आला? हिशेब नऊ वर्षांच्या फरकाचा निघाला. म्हणजे त्या कर्जाने एका वाडीला नळ नऊ वर्षे आधी दिला. साहेबांनी तिथेच पावतीच्या मागे गुणाकार मांडला. रोज एका घरातले दोन तास धरले तर चाळीस घरे आणि नऊ वर्षे मिळून अडीच लाखांहून अधिक तास होतात. माझ्या मूळ प्रश्नाचे हे एक उत्तर आहे, असे मला वाटते, आणि प्रकल्पाच्या कोणत्याही अहवालात ते मी पाहिले नव्हते.

त्या मावशी आता थकल्या आहेत. त्यांनी मला ओळखले नाही. पाणी किती वाजता येते, असे मी त्यांना विचारले. एक दिवसाआड, सकाळी सव्वासहाला, असे त्या म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या की, पहिली दोन वर्षे ते साडेनऊला यायचे, मग बायकांनी मिळून ग्रामसभेत वेळ बदलून घेतली. त्या सभेचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, असे ग्रामसेवक म्हणाले. ते मागितले आहे. शिरोळकर, तुमच्याकडच्या सूचनेच्या वेळांची नोंद करायला पुढच्या आठवड्यात मी येऊ शकतो. ओगराळे ताई, आपल्या केंद्राची ती नोंदवही पाहायला मिळेल का?